मुकी वरात

समुद्र मी पाहिला तेव्हा माझे केस पिकले होते. धाकट्या मुलाची बदली कोकणात झाली होती. त्यानं मला एका खाडीच्या काठावर नेऊन उभं केलं आणि भरती-ओहोटी म्हणजे काय ते समजावून सांगायला लागला. पाणी दिवसातून दोनदा वर चढतं, चिखल झाकतं, परत जाताना चिखलात किडे आणि मासे ठेवून जातं, आणि ते खायला पक्षी जमतात. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, आमच्याकडं हे वर्षातून एकदाच व्हायचं, पण तुमच्या खाडीपेक्षा बरं व्हायचं. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गावाचा तोरा मिरवतेय. मिरवतच होते.

आमचं गाव संतपूरच्या खालच्या अंगाला. गावाजवळून वाहणारा ओढा पुढं मांजरेला मिळतो. नदीला पूर आला की तिचं पाणी ओढ्यात उलटं शिरायचं आणि गावाच्या मावळतीची सगळी खोलगट जमीन भरून टाकायचं. त्याला आम्ही फुगवटा म्हणायचो. तिथल्या बाभळी आधी गुडघाभर, मग कंबरभर पाण्यात उभ्या राहायच्या. पूर ओसरला तरी हे पाणी घाईनं जात नसे. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत ते हळूहळू मागं सरायचं आणि मागं चिखल उघडा टाकायचं. त्या ओल्या गाळात अप्पा, म्हणजे माझे वडील, हरभरा पेरायचे. पण आमच्याआधी त्या चिखलावर पाखरांचा हक्क असायचा. लाल काटक्यांसारख्या पायांचे शेकाटे ओळीनं चालायचे, अडया बदकं शिट्ट्या घालत उतरायची, लव्हाळ्यातून जांभळ्या पाणकोंबड्या एकमेकींशी भांडत बाहेर पडायच्या. पाणमांजरांचं एक बिऱ्हाडही होतं. त्यांनी खाऊन टाकलेल्या माशांची डोकी काठावर पडलेली असत, आणि अव्वा, माझी आई, ती पाहून तोंडाला पदर लावायची. आम्ही लिंगायत, मासळीचं नाव घरात निघत नसे, आणि मावळतीचं वारं सुटलं की सगळ्या घरात माशाचाच वास. देवळीसमोर लिंगपूजेला बसलेले अप्पा अशा वेळी उदबत्त्या एकाऐवजी चार लावायचे.

हा वास यायचा तो ढोकांच्या घरट्यांतून. पुस्तकात त्यांना चित्रबलाक म्हणतात हे मला नातवंडांनी सांगितलं. पिवळी लांब चोच, पांढऱ्या अंगावर काळ्या रेघा आणि शेपटीपाशी फिका गुलाबी रंग, जणू कुणी हळदीकुंकवाचा हात पुसला असावा. दसरा झाला की ते यायचे आणि पाण्यातल्या बाभळींवर काटक्या रचायला लागायचे. एकेका बाभळीवर आठ-दहा घरटी. गावात या बाभळींना माहेर म्हणत. ढोक बाळंतपणाला माहेरी आले, असंच सगळे बोलायचे. बाळंतिणीच्या खोलीशेजारी कुणी ढोल बडवत नाही, तसा नियम या माहेरालाही होता. पहिली काटकी पडल्यापासून शेवटचं पिल्लू उडेपर्यंत मावळतीच्या अंगाला हलगी नाही, सनई नाही, बंदूक नाही, फटाका नाही. गावात यायची वाट या पाण्याच्या कडेनं, एका मातीच्या बांधावरून होती. त्या दिवसांत बांधावर गाडी आली की गाडीवान खाली उतरायचा, बैलांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये लव्हाळ्याचे बोळे कोंबायचा आणि मगच पुढं हाकायचा. एका वर्षी मोहरम याच दिवसांत आला, तर सवारी उगवतीच्या माळावरून फिरवली. कुणी सांगायला गेलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं.

नियम कशासाठी आहे हे मला मी सात-आठ वर्षांची असताना कळलं. कुणी एक साहेब दौऱ्यावर आले होते. त्यांच्या शिपायानं बांधावरून गंमत म्हणून एक बार काढला. एकही पाखरू मेलं नाही. पण सगळे ढोक एकदम उठले आणि घरट्यांतली पिल्लं, ज्यांना धड पंखही फुटले नव्हते, भिऊन कडेला धावली आणि फळं गळावीत तशी पाण्यात पडली. वरून घारी आल्या, कावळे आले. मी आणि आत्या काठावर उभ्या होतो. आत्या म्हणजे अप्पांची विधवा बहीण, आमच्याच घरी राहणारी. ती लुगड्याचा काचा मारून पाण्यात शिरली आणि एक पिल्लू उचलून आणलं. आम्ही ते चुलीपाशी उबेला ठेवलं. अव्वानं, मासळी न शिवणाऱ्या त्या बाईनं, ते रात्रभर पदरात धरलं. सकाळी ते मेलेलं होतं. ते माझ्या तळहातावर किती हलकं होतं, ते मी अजून विसरले नाही.

तेव्हापासून आत्याचं आणि माझं एक काम ठरून गेलं. रोज सकाळी भाकऱ्या थापून झाल्या की आम्ही दोघी बांधावर जायचो आणि पिल्लं कितपत वाढली ते पाहायचो. आत्याची परीक्षा सोपी होती. पिल्लू घरट्यात बसलेलं असेल तर ते कच्चं. काठावर उभं राहून पंख झाडायला लागलं की पंधरा दिवसांचं काम राहिलं. एका फांदीवरून दुसरीवर गेलं की गाव मोकळं. ती येऊन अप्पांना सांगायची, आणि अप्पा चार लोकांत सांगायचे, की आता हलगी काढायला हरकत नाही. तिच्या शब्दावर गावातली जावळं, बारशी आणि लग्नं निघायची. विधवा म्हणून लग्नाच्या मांडवात तिला पुढं येऊ देत नसत, पण मांडव कधी वाजवायचा ते मात्र तिलाच विचारत. याची मला तेव्हाही चीड होती, आताही आहे.

मी पंधरा वर्षांची झाले आणि गुलबर्ग्याहून स्थळ आलं. तुरीचा मोठा व्यापार, माडीचं घर, मुलगा उर्दू शाळेत शिकलेला. मुलाचे वडील नव्हते, सगळा कारभार काकांच्या हाती. काका कचेरीत पेशकार होते. काळी शेरवानी, बोटात दोन अंगठ्या, आणि बोलताना समोरच्याकडं न पाहता अंगठ्यांकडं पाहायची सवय. त्यांची एकच अट होती. वरात बँडबाजा लावून, उखळीचे बार काढत येणार. अप्पांनी बोटांवर हिशेब केला. माघातली तिथी निघत होती, आणि दरवर्षी पौष संपता संपता पिल्लं उडून गेलेली असत. त्यांनी होकार दिला. आमच्या नियमाबद्दल ते काही बोलले नाहीत. शहरातल्या माणसांपुढं पाखरांचं काय सांगायचं, याची त्यांना लाज वाटली असावी, आणि सांगायची गरजही वाटली नसावी.

चूक इथंच झाली. तिथी पंचांगावर काढली होती आणि ढोक नदीवर चालतात. त्या वर्षी पाऊस रुसला, मांजरेला पूर आला तो दसरा उलटून गेल्यावर. फुगवटा उशिरा भरला, काटक्या उशिरा पडल्या. माघ लागला तेव्हा आत्या आणि मी बांधावर गेलो तर सगळी पिल्लं घरट्यात बसलेली. एकही काठावर उभं नाही. आत्यानं घरी येऊन सांगितलं. अप्पा ओसरीवर सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला. पण पत्रिका गेल्या होत्या, शब्द गेला होता, आणि आमच्या अप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत आले होते.

मग घरात लग्नाची धांदल उडाली. शेंगांच्या पोळ्या थापून टोपल्या भरल्या, कडक भाकरी रचून ठेवली, अंबाडीची पुंडी भाजी मोठ्या भगुण्यात शिजली, गव्हाच्या हुग्गीसाठी, म्हणजे खिरीसाठी, गूळ फुटला. बायका जात्यावर कानडी गाणी म्हणत होत्या, पण हळू आवाजात, कारण ढोक बसले होते. मला हळद लावताना सुद्धा सगळ्या कुजबुजत होत्या. मी अंगाला हळद लावून घेत होते आणि मनात एकच येत होतं. माझ्या लग्नाच्या पायी ती सगळी पिल्लं पाण्यात पडणार, आणि घारी येणार, आणि लोक म्हणणार गंगूचं लग्न काय थाटाचं झालं.

वऱ्हाड दुपारी आलं. आधी घंटा ऐकू आल्या, खूप गाड्यांच्या, मोकळ्या वाजणाऱ्या. बांधाच्या पलीकडच्या टोकाला ते उतरले. अप्पा आणि गावातले चौघे सामोरे गेले. आत्या त्यांच्या मागं लांबून गेली आणि थोड्या वेळानं धापा टाकत परत आली. तिनं सांगितलं ते असं. अप्पांनी हात जोडून विनंती केली होती की बांधावर तेवढं वाजवू नका, वरात गावात आली की उगवतीच्या माळावर रात्रभर वाजवा. काका हसले. म्हणाले, पाखरांसाठी वरात मुकी न्यायची, लोक म्हणतील मयत चालली. आणि त्यांनी बाजेवाल्यांना उभं राहायला सांगितलं. उखळीत दारू ठासणं चाललं होतं.

मी उठले. कपाळाला बाशिंग बांधून झालं होतं, हातात ओल्या हळदीचं सूत होतं. अव्वानं मनगट धरलं. "कुठं जायलीस?" मी म्हटलं, बांधावर. ती म्हणाली, "लोकं काय म्हणतील गं." मी हात सोडवून घेतला. आज वाटतं, तिनं फार घट्ट धरला नव्हता.

मी बांधावरून पळत गेले नाही, चालत गेले. पिवळ्या लुगड्यातली नवरी एकटी उलट्या बाजूनं येताना पाहून वऱ्हाडातल्या बायका उभ्या राहिल्या. घोड्यावर नवरदेव होता, त्याच्या तोंडावर फुलांच्या मुंडावळ्या, त्याचं तोंड मला तेव्हाही दिसलं नाही आणि नंतर कधीच नाही. बाजेवाले ओळीनं उभे होते. त्यांच्या पुढं जमिनीत अर्धी पुरलेली लोखंडी उखळी, आणि एक म्हातारा पेटती वात हातात घेऊन हुकुमाची वाट पाहत होता.

काका माझ्याकडं पाहून, म्हणजे अंगठ्यांकडं पाहून म्हणाले, "पोरी, घरात जा. नवरी अशी रस्त्यावर येत न्हाई."

"बाजा वाजला तर नवरी बी न्हाई," मी म्हटलं.

ते अप्पांकडं वळले. "शिवलिंगप्पा, तुमची मुलगी काय बोलायली?"

अप्पा माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा मी त्याआधी असा कधी पाहिला नव्हता. हळूच म्हणाले, "गंगू, घरी चल. म्या शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलाव, अप्पा. म्या न्हाई दिला. आन् ढोकांनी बी न्हाई दिला."

काकांनी म्हाताऱ्याला खूण केली, लाव. आणि तेव्हा मी जे केलं त्याबद्दल पुढं चाळीस वर्षं लोक मला विचारत राहिले, की ते तुला सुचलं कसं. सुचलं वगैरे काही नाही. पाय थरथरत होते, कुठंतरी बसणं भागच होतं. मी उखळीवर बसले. खाली ठासून भरलेली दारू, वर मी, लुगडं नीट सावरून, मांडवातल्या पाटावर बसावं तशी. म्हातारा वात घेऊन एक पाऊल पुढं आला आणि थांबला. त्यानं काकांकडं पाहिलं आणि आमच्या दख्खनी उर्दूत अगदी शांतपणे विचारलं, "साब, दुल्हन पे बत्ती कैसा लगाऊं?"

मागं कुणीतरी फसकन हसलं. मला वाटतं तो क्लॅरनेटवाला असावा. पण त्या हसण्यानं काकांचं सगळं गेलं. त्यांचा आवाज चढला. असली मुलगी आमच्या घरात नको, ते म्हणाले. गाड्या जुंपा. अप्पांनी पागोटं काढून हातात घेतलं, ते त्यांच्या पायावर ठेवायला निघाले, आणि आत्यानं, मांडवात पुढं न येणाऱ्या माझ्या आत्यानं, भर वऱ्हाडात येऊन त्यांचा हात धरला. "अण्णा, पागोटं डोक्यावर घाल," एवढंच ती म्हणाली.

ते गेले. बाभळींवरचे ढोक चोची खडखडवत बसून होते, पिल्लं घोगऱ्या आवाजात खायला मागत होती. मी उखळीवरून उठले नाही. शेवटची गाडी चिंचेच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिले. जाताना त्यांनी बाजा वाजवला नाही. मोडलेल्या लग्नाचा बाजा कोण वाजवतं? आले होते वाजवायला, गेले मुकेच.

घरी हुग्गी थंड होत होती. आत्यानं पंगत बसवली, शिजलेलं टाकायचं नाही म्हणाली, आणि गाव जेवलं. जेवलं आणि बोललं. ज्या गावानं पिढ्यान्पिढ्या बैलांच्या घंटांत बोळे कोंबले, तेच गाव म्हणालं की पोरीनं बापाच्या तोंडाला काळं फासलं. नियम सगळ्यांचा होता, पण पाळायची वेळ आली तेव्हा बांधावर एक मुलगी आणि एक विधवा. हे मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते. त्यातले काही जण अजून आहेत, वाचून घ्यावं त्यांनी.

अप्पा माझ्याशी बोलेनासे झाले. ताटात भाकरी वाढली तर जेवायचे, पण माझ्याकडं पाहायचे नाहीत. मी माफी मागावी असं अव्वाला वाटत होतं. मी मागितली नाही. एक महिना गेला, थोडा जास्तच. मग एका सकाळी मी अंगणात सडा टाकत होते तेव्हा अप्पा शेताकडून आले. त्या दिवशी आत्या आणि मी बांधावर गेलो नव्हतो, ते स्वतः गेले होते. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "उडाली. समदी." आणि आत जाऊन त्यांनी हलगीवाल्याला बोलावणं धाडलं. त्या दिवशी आमच्या दारात काहीही कारण नसताना हलगी वाजली.

लग्न मोडलेल्या मुलीला स्थळं येत नाहीत. पुढच्या दिवाळीनंतर हुलसूरकडचं एक आलं, शेतकरी घर, थोडीशी भुसाराची उलाढाल. अप्पा आता शिकले होते, म्हणाले वैशाखातली तिथी धरू, तेव्हा पाखरंच नसतात, कटकट नको. त्या वर्षीही पूर उशिरा आला होता, पिल्लं माघात घरट्यातच असणार होती. मी म्हटलं, माघातलीच धरा. आणि त्यांना आधी सगळं सांगा, उखळीसकट. अव्वानं कपाळाला हात लावला. "दुसऱ्यांदा कामून इस्तवात हात घालायलीस?" मी म्हटलं, वैशाखात कसलं माणूस आहे ते कळायचं नाही. अप्पा स्वतः हुलसूरला गेले, सगळं सांगून आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि बघू म्हणाले, एवढंच. बघू म्हणजे काय, ते तिथीच्या दिवसापर्यंत आम्हाला कळलं नाही.

आता फुगवटा येत नाही. नदीवर बंधारे झाले, बाभळी तुटल्या, तिथं सोयाबीन उभं असतं. कधी कधी चार-दोन ढोक जुन्या सवयीनं उतरतात. मी अजून माहेरी येऊन-जाऊन असते; कॅमेरे घेऊन पोरं येतात, मला नावं विचारतात, मी सांगते. गेल्या साली गावात डीजे लावून वरात निघाली तेव्हा मी खुर्ची घेऊन वाटेत बसले. नातू म्हणाला, आजी, आता तिथं पाखरं कुठंयत? मी म्हटलं, मी आहे ना. आवाज त्यांनी कमी केला. फार नाही, पण केला.

हुलसूरच्या तिथीच्या त्या माघातल्या दिवशी मी हळद लावून, बाशिंग बांधून आतल्या खोलीत बसले होते. कान बांधाकडं. दुपार झाली, कलली. गेल्या वर्षी याच वेळी घंटा वाजल्या होत्या. आज काही नाही. ढोकांचा खडखडाट तेवढा. मी मनात म्हटलं, नाही आले. ठीक आहे. नाही आले तर नाही आले, मी काही रडणार नाही. आणि डोळे भरून आले, त्याला माझा इलाज नव्हता.

आत्या दारात आली. "बसलीस काय? उठ की."

"कशाला?"

"वऱ्हाड दारात उभं हाय कवाचं."

मी धावत ओसरीवर गेले. अंगणापासून पार वेशीपर्यंत गाड्या उभ्या होत्या. माणसं हलक्या पावलांनी उतरत होती, बायका पोरांच्या तोंडावर हात धरून होत्या. सगळ्यात पुढच्या जोडीपाशी नवरदेव स्वतः उभा होता, त्याच्या हातांना चिखल लागला होता, आणि प्रत्येक बैलाच्या गळ्यात, प्रत्येक घंटेत, हिरव्या ओल्या लव्हाळ्याचा बोळा होता. नवरीनं मान खाली घालायची असते. मी मान वर करून, सगळ्या गावादेखत, त्याच्याकडं पोटभर पाहून घेतलं.